स्वस्त सहलीचा न लिहिलेला खर्च

परवा पुण्याहून पुतण्याचा फोन आला. गाडी घेऊन बायकामुलांसह आठवडाभर आपल्या भागात फिरायचं म्हणतोय. तंबूही घेतलाय. "काकू, तुम्ही लोक इतक्या कमी पैशांत कसे फिरायचात? सांगा ना जरा." शेजारी बसलेल्या ह्यांची कळी लगेच खुलली आणि १९८६ सालची लोणारची सहल निघालीच! भाड्याची मेटॅडोर, चार घरची चौदा माणसं, देवळाच्या ओसरीवर दोन मुक्काम आणि खर्च म्हणाल तर "काहीच नाही".

ही गोष्ट आमच्याकडे पोथीसारखी वाचली जाते. पण तिच्यातला हिशेब अपुरा आहे, तो आज पुरा करते.

निघायच्या आदल्या दिवशी पाचपर्यंत मी शाळेत होते. घरी येऊन चौदा जणांच्या दशम्या आणि तिळाची चटणी करता करता रात्रीचे बारा वाजले. पहाटे चारला पुन्हा उठले. लोणारला पोचल्यावर पुरुष आणि मुलं विवरात उतरली, आणि आम्ही जावा-नणंदा तीन दगडांच्या चुलीपाशी बसलो. उल्का आदळून झालेलं, जवळजवळ पावणेदोन किलोमीटर व्यासाचं ते विवर मी तेव्हा फक्त काठावरून पाहिलं. खाली पाण्यापर्यंत उतरले ती थेट निवृत्तीनंतर.

म्हणजे ती सहल स्वस्त नव्हतीच. खर्च बायकांच्या पाठीने सोसला, एवढंच. वहीत तो कुणी लिहिला नाही, म्हणून आजही मंडळी "आमच्या वेळी" म्हणत मिशीला पीळ देतात.

"मग काय रोज हॉटेलात जेवायचं?" असं कुणी विचारेलच. नाही हो! शिदोरी न्यावीच. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस सहज टिकतात. सोबत मुरमुरे, फुटाणे, गूळ-शेंगदाणे. पण कणिक एकीनेच का मळायची? आपल्या वऱ्हाडात नवसाचे रोडगे असले की गोवऱ्या रचणं, गोळे भाजणं, मोठ्या गंजात वांग्याची भाजी ढवळणं हे सगळं पुरुषच करतात, आणि फर्मास करतात. मारुतीसाठी जमतं ते बायकोसाठी का जमू नये? दिवसातून एक जेवण मात्र आयतं घ्या. ते पैसे उधळपट्टीत धरू नका.

दुसरी खोटी काटकसर म्हणजे लॉजचं भाडं वाचवायला रात्रभर गाडी हाकणं. समृद्धी आपल्या जिल्ह्यातून जातो. सरळसोट रस्ता, ताशी १२० ची मुभा. रात्री डोळा लागायला किती वेळ लागतो? तिथे वाचवलेले पैसे चालवणाऱ्याच्या झोपेतून येतात, आणि धोका मागे झोपलेल्या लेकरांना. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा. आमच्याकडून रिसोडमार्गे लोणारला जाताना टोलचा तो रस्ता लागतही नाही. शेगावला भक्तनिवास आहे, स्वच्छ आणि परवडणारा.

तंबूचं म्हणाल तर लोणारच्या विवरात नको. ते अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर यादीतही आहे. कारंजा-सोहोळच्या काळविटांच्या रानातही चूल पेटवायला जाऊ नका. पाहा आणि परत फिरा. तंबूला नात्यातल्या कुणाचं तरी शेत बरं. विहीर असते, राखणदार असतो, भाडं नसतं. फक्त त्या घरच्या सुनेला रांधायला लावू नका! आणि पावसाळ्यात येऊ नका. आपल्या काळ्या मातीत चाक रुतलं की ट्रॅक्टरचा खर्च बजेटमध्ये कुणी धरलेला नसतो.

तर बाळा, निघण्याआधी एक वही कर. डावीकडे पैसे लिही, उजवीकडे कामं आणि प्रत्येक कामापुढे नाव. भांडी कोण घासणार, पाणी कोण आणणार, पहाटे कोण उठणार. उजवीकडे एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर सहल स्वस्त झाली असं समजू नकोस.

ह्यांनी हे वाचलंय. अजून काही बोललेले नाहीत.