वेगालाही दरवाजा हवा

रविवारी सकाळी आमच्या राधानगरीत मोटारसायकली दिसण्याआधी ऐकू येतात. कोल्हापूरकडून आठ-आठ, दहा-दहा जणांचे जथ्थे येतात, बाजारपेठेत चहाला थांबतात आणि दाजीपूरच्या जंगलातून फोंडा घाटाकडे सुटतात. त्यांतल्या एखाद-दुसऱ्या गाडीचा आवाज असा असतो, की ती कारखान्यातून निघाली तशी आता राहिलेली नाही हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. टपरीवर बसलेली आमच्या वयाची मंडळी अशा वेळी एकच शब्द उच्चारतात, ‘मस्ती!’ बापाचा पैसा, पोराची मस्ती, विषय संपला.

मला मात्र हा निकाल घाईचा वाटतो. यंत्र उघडून बघावे, त्यातून बनवणाऱ्याने काढले त्याहून थोडे अधिक काढावे, ही इच्छा वाईट नाही. तसे असते तर कोल्हापूर जिल्ह्यात उद्योगच उभा राहिला नसता. उसाचा चरक, पाणी उपसायचे ऑइल इंजिन, पंप ही आमच्या शेतकऱ्याची यंत्रे. ती बंद पडली की उघडायची, नसलेला भाग ओतायचा, लेथवर कातायचा आणि संध्याकाळपर्यंत पाणी चालू करून द्यायचे, हे काम मेस्त्री लोकांनी केले. त्या हातांतून शिवाजी उद्यमनगर वाढले, पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहती आल्या, आणि इथल्या फौंड्रीतले ओतीव भाग देशातल्या वाहन कारखान्यांत जाऊ लागले. बँकेत असताना लेथसाठी कर्ज मागायला येणारे कितीतरी जण सातवी-आठवी शिकलेले असत. त्यांना प्रकल्प अहवाल लिहिता येत नसे. पण अर्ध्या सुताचा फरक ते बोट फिरवून सांगत.

याच हातांत १९८५ नंतर यामाहाची आरएक्स १०० आली. ९८ सीसीची, ११ हॉर्सपॉवरची हलकी गाडी. पोर्ट घासून मोठे करायचे, हेड उतरवून घासायचे, कार्बोरेटरचा जेट बदलायचा, मागचे चक्र दाते मोजून बदलायचे, अशी एक विद्याच तिच्याभोवती तयार झाली. आज कार्बोरेटर गेला, इंजिनाचा मेंदू इलेक्ट्रॉनिक झाला, आणि मेस्त्रीच्या हातात पान्याबरोबर लॅपटॉप आला. इच्छा तीच आहे.

या विद्येचे वरचे टोक म्हणजे टर्बो. ट्रक-ट्रॅक्टरमुळे हा शब्द खेड्यात सगळ्यांना माहीत आहे. आत काय होते ते थोडक्यात सांगतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पंधरा किलो हवा लागते. म्हणजे इंजिनाची ताकद वाढवायची तर खरी अडचण पेट्रोलची नसते, हवेची असते. सायलेन्सरमधून वाया जाणारा गरम धूर एका छोट्या चक्रावर सोडायचा, ते चक्र मिनिटाला लाखभर फेरे घेते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घ्यायचे, ही मूळ युक्ती. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले.

पण हवा दाबली की तापते. तापलेल्या हवेने पेट्रोल वेळेआधी पेट घेते, इंजिन आतून हातोडी मारल्यासारखे ठोकू लागते आणि पिस्टनला भोक पडू शकते. म्हणून हवा थंड करायला वेगळा रेडिएटर, पेट्रोलचे नवे माप, तेलाची नवी वाट, पिस्टन-क्लच मजबूत, असा सारा संसार उभा करावा लागतो. जुना ट्रकचालक घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करत नाही, थोडा वेळ चालू ठेवतो. तापलेल्या टर्बोचे तेल जळू नये म्हणून ही काळजी असते. आणि सगळ्यांत महत्त्वाची असते ती एक झडप. दाब ठरलेल्या मर्यादेला पोचला की ती आपोआप उघडते आणि जादा धूर चक्राला वळसा घालून बाहेर जातो. ती नसेल तर टर्बो स्वतःच्याच जोरावर इंजिन फोडील.

राधानगरीच्या माणसाला ही झडप समजावून सांगायला नको. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर धरणाचे काम हाती घेतले. ते पुरे व्हायला स्वातंत्र्यानंतरची वर्षे उजाडली. या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आले की दरवाजा आपोआप उघडतो, पातळी उतरली की मिटतो. जुलै-ऑगस्टमध्ये किती दरवाजे उघडले हे कोल्हापूरच्या घराघरांत विचारले जाते, कारण पंचगंगेचे पाणी त्यावर ठरते. पाणी अडवणे हे धरणाचे अर्धे काम. नको झालेले पाणी वेळेवर सोडणे हे उरलेले अर्धे. माझे म्हणणे एवढेच, की गाडीची ताकद वाढवण्याच्या विद्येतले पहिले अर्धे आपल्या मुलांना बाजारात विकत मिळते आणि दुसरे अर्धे कोणी विकतही नाही, शिकवतही नाही.

मोठमोठ्या कंपन्यांनाही हे दुसरे अर्धे जड गेलेले आहे. १९८२ च्या सुमारास होंडाने सीएक्स ५०० टर्बो ही मोटारसायकल बाजारात आणली. पाठोपाठ यामाहा, सुझुकी, कावासाकी अशा चारही जपानी कंपन्यांनी टर्बो गाड्या काढल्या. दशक निम्मे सरले-न सरले तोच चौघांनीही तो नाद सोडला. गाड्या जड आणि महाग झाल्या. शिवाय मूठ पिळली की आधी काहीच होत नाही आणि मग सगळी ताकद एकदम येते, हे चार चाकांवर चालून जाते, वळणावर कललेल्या दोन चाकांवर नाही. सुझुकीची हायाबुसा १९९९ मध्ये आली आणि ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे गेली. ‘धूम’ चित्रपटानंतर, म्हणजे २००४ नंतर, तिचे नाव आपल्याकडच्या शाळकरी पोरांच्याही तोंडी बसले. पण ती आली त्याच सुमारास कंपन्यांनी आपसांत समजून घेऊन २९९ वर मर्यादा घातली, ही गोष्ट त्या पोरांपर्यंत पोचली नाही. ज्यांनी वेग बनवला त्यांनीच त्याला दरवाजा बसवला होता.

आपल्याकडचे उदाहरण राजदूत ३५० चे. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्‌सने यामाहाच्या मूळ गाडीवरून ती काढली. तीस हॉर्सपॉवर, त्या काळच्या भारतात विमानच. मूळ गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता. आपल्या गाडीला ड्रम ब्रेक आला. ज्यांनी ती चालवली ते तिच्या सुटण्याबद्दल आजही डोळे मिटून बोलतात आणि थांबण्याबद्दल विषय बदलतात. साठच्या वेगाऐवजी एकशेवीसचा वेग असला, तर थांबवायची शक्ती दुप्पट नव्हे, चौपट होते. शाळेतल्या पुस्तकातले हे गणित आहे. पण गॅरेजच्या भिंतीवर ते कुठे लिहिलेले मला दिसले नाही.

निवृत्तीच्या काही वर्षे आधी आमच्या शाखेत एक गृहस्थ मुलाच्या मोटारसायकलचे कर्ज मिटवायला आले. मुलगा एका वळणावर गेला होता. विमा कंपनीने गाडीत परस्पर फेरफार केल्याचा मुद्दा काढला होता, म्हणून त्यांनी गॅरेजची सगळी बिले पिशवीतून आणली होती. टेबलावर एकेक मांडली. नवा सायलेन्सर, एअर फिल्टर, इंजिनाची चिप, रुंद टायर, रंगकाम. कर्जाच्या बाकीपेक्षा बेरीज फार कमी नव्हती. ते बराच वेळ कागद उलटसुलट करीत राहिले आणि म्हणाले, ‘‘साहेब, ह्यात ब्रेकचं बिल कुठंच न्हाई.’’ मुलाला दोष देणारे किंवा गॅरेजला शिव्या देणारे एकही वाक्य त्यांच्या तोंडून निघाले नाही. त्यांनी हिशेब तेवढा वाचून दाखवला होता.

कायदा याबाबत कडक आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, की नोंदणी पुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला पंचवीस हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंतची कैद आहे. हे सगळे हवेच. शहरोशहरी पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतात, त्याचे छायाचित्र छापून येते. आवाज काही दिवस थांबतो. मेस्त्रीच्या हातातली विद्या मात्र रोडरोलरखाली जात नाही. ती मागच्या गल्लीत जाते. तिथे बिल नसते, तपासणी नसते, आणि ब्रेकचे तर नावच नसते.

दुसरीकडे रस्ता कोणता आहे हेही पाहिले पाहिजे. देवगड-निपाणी मार्ग आमच्याकडून दाजीपूरला जातो, तो राधानगरी अभयारण्यातून. ३५१ चौरस किलोमीटरचे हे जंगल गव्यांसाठी राखले गेले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले. गवा संध्याकाळी आणि पहाटे रस्ता ओलांडतो. हजार किलोच्या घरातले हे जनावर वळणापलीकडे उभे असेल तर शर्यतीच्या गाडीचे ब्रेकही पुरे पडायचे नाहीत. आणि ते उभे नसले तरी त्याच्या घरातून फटाके वाजवत जाण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?

म्हणून रस्ता ही या विद्येची जागा नव्हे, हे मी ठामपणे म्हणतो. पण मग जागा कोणती, या प्रश्नाचे उत्तरही वडीलधाऱ्यांनी द्यायला हवे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईला, कोइंबतूरला ट्रॅक आहेत. लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या शर्यती झाल्या, त्यांत टर्बो बसवलेल्या गाड्याही धावल्या. कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक झाला, देशपातळीवरच्या स्पर्धांच्या फेऱ्या तिथे झाल्या. म्हणजे हे आपल्याला अशक्य नाही. औद्योगिक वसाहतीतला एखादा रुंद, बंदिस्त रस्ता महिन्यातून एका रविवारी द्यावा, आत जाण्याआधी गाडीची तपासणी व्हावी, हेल्मेट-जाकिटाशिवाय प्रवेश नसावा, रुग्णवाहिका उभी असावी. आयटीआयमध्ये इंजिनाबरोबर ब्रेक, टायर, चासी यांचा अभ्यासक्रम उद्यमनगरातल्या अनुभवी मेस्त्रींकडून शिकवावा. ज्या गावाने कुस्तीसाठी तालमी बांधल्या आणि तांबड्या मातीत उतरण्याआधी वस्तादाचा शब्द मानायला पोरांना शिकवले, त्या गावाला ही कल्पना नवी वाटू नये. तालीम नसती तर तीच रग गल्लीतल्या मारामारीत गेली असती.

हे होईपर्यंत घरात करण्यासारखे एक काम आहे. मुलगा गाडीवर खर्च करायला पैसे मागायला आला, तर नुसते ‘नाही’ म्हणू नका. ‘नाही’ ऐकलेला मुलगा मित्राकडून पैसे आणतो. त्याला यादी करायला सांगा. काय बसवणार ते डाव्या बाजूला, त्याने वाढलेली ताकद थांबवायला काय बसवणार ते उजव्या बाजूला, आणि खाली नोंदणी, विमा आणि कर्ज देणारी बँक याला काय म्हणेल ते. बँकेत आम्ही जमा आणि खर्च अशा दोन बाजू जुळल्याशिवाय खाते बंद करीत नसू. त्याचीही यादी दोन्ही बाजूंनी भरली, की बहुतेक वेळा तो स्वतःच म्हणेल, राहू दे. आणि नाहीच म्हणाला, तर निदान ब्रेकचे बिल आधी होईल.