हौद्यात बसण्याआधी

श्रावणातला तिसरा सोमवार, 11 ऑगस्ट 2025. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या पापळवाडीच्या बायका कुंडेश्वराच्या दर्शनाला निघाल्या. पिकअपच्या हौद्यात दाटीवाटीने सगळ्या उभ्या-बसलेल्या. घाटाच्या चढावर गाडी चढेना, मागे घसरली आणि खाली कोसळली. किमान दहा जणी गेल्या. एका वाडीतली इतकी घरं एका दिवसात उघडी पडली.

आपण हळहळलो, ‘ड्रायव्हरने सांभाळायला हवं होतं’ म्हणालो आणि पान उलटलं. पण मैत्रिणींनो, लग्नाचं वऱ्हाड असो, खुरपणीला जाणं असो की जत्रा, आपल्यापैकी कितीजणी अजूनही त्याच हौद्यात चढतो? म्हणून ही गाडी जरा समजून घेऊ या.

पिकअप ही मालाची गाडी. कांद्याच्या गोणी खाली बसतात, हलत नाहीत. माणसं उभी राहतात, वळणावर झुकतात, चढावर मागे सरकतात. त्यामुळे वजन वर आणि मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि गाडी स्टिअरिंगला नीट दाद देत नाही. तीस माणसं सरासरी 55 किलोची धरली तरी 1,650 किलो होतात. म्हणजे दीड टनाच्या वर! बऱ्याच पिकअपना तर एवढा मालसुद्धा भरायची परवानगी नसते. आणि चढावर इंजिन बंद पडलं, की ब्रेकला मिळणारी इंजिनची मदतही थांबते. एक-दोनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं कडक होतं.

उताराची गोष्ट वेगळी. डिझेल वाचवायला काहीजण गाडी न्यूट्रलवर सोडतात. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वेळी लागत नाहीत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ते वर्षानुवर्षं बदललं नाही तर तापल्यावर उकळतं आणि पेडल खाली जातं. घाटात चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरावं, असं जुने चालक सांगतात ते उगीच नाही.

आता ज्यांच्या दारात पिकअप उभी आहे त्यांच्याशी बोलते. गाडी कर्जाची, हप्ता तुमच्या दुधाच्या नाहीतर भाजीच्या पैशातून जातो. जेवताना मालक म्हणतात, ‘ब्रेक जरा खोल लागतोय’, ‘गिअर सुटतोय’, ‘पाटा तुटलाय’, ‘क्लचचा वास येतोय’. आणि आपणच म्हणतो, ‘हा सीझन जाऊ दे, मग बघू!’ पाटा तुटला की एक जादा पाटा घालून आणखी माल भरायचा, ही तर सर्रास पद्धत. पण पाटे वाढवले म्हणून ब्रेक वाढत नाहीत. गाडीची कुरकुर म्हणजे तिचं दुखणं. पोराचा ताप आपण सीझन संपेपर्यंत ठेवतो का?

कधी दोष मालकाचा नसतो, कारखान्यातलाच असतो. 2021 मध्ये महिंद्र कंपनीने जवळजवळ 30 हजार पिकअप एक पाइप बदलण्यासाठी परत बोलावल्या होत्या. अशी दुरुस्ती फुकट होते. मात्र गाडी सेकंडहँड घेतली असेल तर कंपनीकडे जुन्या मालकाचाच नंबर असतो आणि निरोप आपल्यापर्यंत येत नाही. तेव्हा चॅसी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये एकदा विचारून या.

2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. सात वर्षांच्या आतल्या गाडीत दोष असेल आणि ठरावीक प्रमाणात मालकांनी तशी तक्रार नोंदवली, तर सरकार कंपनीला त्या गाड्या परत घ्यायला लावू शकतं. तक्रार सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर करता येते. मुलं मोबाइलवर दिवसभर असतातच, त्यांच्याकडून भरून घ्या. चौकात बसून कंपनीला शिव्या दिल्या तर त्या कुठेच मोजल्या जात नाहीत.

शेवटची गोष्ट विम्याची. मालवाहू गाडीत बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये आशा राणी खटल्यात स्पष्ट केलं. कधी न्यायालय कंपनीला आधी पैसे द्यायला सांगतं, पण मग ते गाडीमालकाकडून वसूल होतात. म्हणजे बसणारीचं घर बुडतं आणि गाडीवालीचंही.

‘मग जायचं कशाने?’ हा प्रश्न खरा आहे. वाडीवर एसटी येत नाही. पण गटाने मिळून वर्गणी काढली तर एसटीची गाडी प्रासंगिक करारावर मिळते. डेपोत अर्ज करायला चारजणींनी जावं. ग्रामसभेत सणावारी जादा फेरी मागावी. गर्दीत हौद्यात चढायला जेवढा धीर लागतो, तेवढ्यात हेही होतं.

आणि पुढच्या वेळी कुणी हौद्याचा फाळका उघडून ‘चला, बसा पटापट’ म्हणालं, तर पायरीवर पाय ठेवण्याआधी एवढंच म्हणा, ‘दादा, ही मालाची गाडी आहे. आम्ही माल नाही.’