चांदीचा धागा आणि स्वदेशीचा कस

बाळाच्या उष्टावणासाठी चांदीची वाटी आणण्याची रीत मराठी घरांतून अजून टिकून आहे. चांदीत अन्न नासत नाही, असे आजी सांगते आणि नातवंडे हसतात. विज्ञानाने मात्र आजीच्या म्हणण्यातील निम्मे तरी उचलून धरले आहे. चांदीचे आयन जिवाणूंना मारक असतात. तिचे कण नॅनोमीटरच्या मापाचे केले, की तेवढ्याच वजनात पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो आणि मूठभर धातूचे काम चिमूटभर करते.

हे कण आता धाग्यात गुंफले जातात. त्या पद्धतीचे नाव इलेक्ट्रोस्पिनिंग. मराठीत विद्युत्-कताई म्हणावे. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारखे पॉलिमर पाण्यात विरघळवून त्यात थोडे सिल्व्हर नायट्रेट मिसळतात आणि ते द्रावण बारीक सुईतून सोडताना दहा ते तीस हजार व्होल्टचा विद्युतदाब देतात. टोकावरचा थेंब शंकूसारखा ताणला जातो. त्यातून सुटलेली धार चाबकासारखी वळवळत समोरच्या धातूच्या पत्र्याकडे झेपावते, वाटेतच पाणी उडून जाते आणि पत्र्यावर केसाहून शेकडो पटींनी बारीक तंतूंचा थर साचतो. पुढे उष्णता किंवा अतिनील किरण दिले, की चांदीचे कण त्या तंतूतच घडतात. भाजलेल्या जखमेवर अशी पट्टी असली, तर हवा खेळती राहते, ओलावा टिकतो आणि चांदी हळूहळू पाझरत जंतूंना अटकाव करते.

ही विद्या कोणाच्या हाती आहे, हा खरा प्रश्न. अँटन फॉर्महाल्स यांनी १९३४ साली तिचे अमेरिकी पेटंट घेतले. सोव्हिएत रशियाने अशा तंतूंपासून विषारी वायूविरोधी मुखवट्यांच्या गाळण्या केल्या. चेक प्रजासत्ताकातील लिबेरेक हे जुन्या कापडधंद्याचे शहर. तेथील तंत्र विद्यापीठाच्या संशोधनावर एल्मार्को कंपनीने ‘नॅनोस्पायडर’ ही कारखान्यात चालणारी यंत्रे उभी केली. लोकसंख्या एक कोटीच्या आसपास असलेल्या देशाला जे साधले, ते इचलकरंजी आणि मालेगावच्या देशाला का साधू नये?

बुद्धीची वाण आपल्याकडे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००१ साली बुरशीच्या साहाय्याने चांदीचे नॅनोकण तयार केले आणि २००४ साली कडुनिंबाच्या पानांच्या काढ्यातून. जगभरच्या प्रयोगशाळांनी ती वाट पुढे चोखाळली. केंद्र सरकारने २००७ साली एक हजार कोटी रुपयांचे नॅनो मिशन सुरू केले. कानपूरच्या आयआयटीच्या आश्रयाने वाढलेली ई-स्पिन नॅनोटेक ही कंपनी विद्युत्-कताईची यंत्रे देशातच बनवते. २०२० च्या महामारीत तिने मास्कही तयार केले. पण अशी उदाहरणे अजून बोटांवर मोजावी लागतात. शोधनिबंध पुण्यात, पेटंट परदेशात आणि पट्टी आयात केलेली, ही साखळी काही अद्याप तुटलेली नाही.

येथे राष्ट्रीय विचाराच्या मंडळींनी स्वतःकडेही पाहावे. रजतभस्माचा दाखला देऊन ‘नॅनोविज्ञान आमच्याकडे होतेच’ असे व्यासपीठावरून सांगितले, की टाळ्या मिळतात. जळीत रुग्णाला त्याचा उपयोग शून्य. हळदीची लढाई आठवावी. जखम भरण्याच्या तिच्या गुणावर अमेरिकेत १९९५ साली दिले गेलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ते वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतील लेखी पुरावे आणि १९५३ सालचा वैद्यकीय शोधनिबंध पुढे ठेवला म्हणून. भस्माबाबत दावा करायचा, तर तो तपासून, मोजून, छापून करावा. कोणी अडवलेले नाही.

आणि चांदी म्हणजे काही अमृत नव्हे. प्रमाण वाढले, तर ती जखम भरून काढणाऱ्या पेशींनाही जाचते. ‘नॅनो सिल्व्हर’ची पाटी लावून मोजे आणि बनियन विकणारा बाजार याविषयी मौन पाळतो. असे मोजे साध्या पाण्यात धुतले तरी चांदी बाहेर पडते, हे ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २००८ सालीच दाखवले होते. तेच पाणी पुढे नदीला मिळते. कापडधंद्याच्या सांडपाण्याने पंचगंगेची काय दशा केली, हे इचलकरंजीकरांना निराळे सांगायला नको. रुग्णालयातील जखमेच्या पट्टीसाठी हा धागा देशात जरूर काता. घामाचा वास घालवण्यासाठी तो नदीत सोडू देण्याआधी सरकारने चांदीची मर्यादा ठरवून द्यावी.