टॅबला हात कुणी लावायचा?

परवा आम्हा मास्तर लोकांना ट्रेनिंगला बसवलं. पडद्यावर एक शिडी दाखवली. नाव सॅमर. पुएन्तेदुरा नावाच्या बाबाची. वहीऐवजी टॅब वापरला, ही खालची पायरी. टॅबनं कामात थोडी भर पडली, दुसरी. कामच बदललं, तिसरी. आणि टॅबवाचून जे जमलंच नसतं ते पोरांनी केलं की तुम्ही माडीवर! ट्रेनिंगच्या बाई म्हणाल्या, आपापली पायरी लिहून द्या.

मी लिहिलं : आमचे टॅब कपाटात. कपाटाला कुलूप. किल्ली हेडमास्तरांकडे. बाई, पायरी कोणती?

बाईंनी ते मोठ्यानं वाचलं. हॉल हसला. हसण्यासारखं त्यात काय होतं, तुम्हीच सांगा.

मग तीन वर्तुळं आली. टीपॅक. मिश्रा आणि कोहलर यांनी २००६ साली मांडलेलं. विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान, यंत्राचं ज्ञान. तिन्ही मिसळतात तिथं खरा मास्तर उभा. यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. बटण दाबता आलं म्हणून अपूर्णांक शिकवता येत नाही. पण वर्तुळांभोवती एक तुटक रेघ. संदर्भ म्हणे! अरे, आमची अख्खी वस्तीच त्या रेघेवर टांगलेली. पाण्याची रांग, बापाची रातपाळी, चार भावंडांत एक फोन, २०२० साली शाळा बंद पडल्यावर तोही बापाबरोबर कामावर गेलेला. पुढं २०१९ च्या लेखात मिश्रांनी त्या बाहेरच्या वर्तुळालाही मास्तराचं ज्ञान म्हटलं. शिडीत संदर्भच नाही, हे तर २०१६ सालीच अभ्यासकांनी छापून दाखवलंय. तरी ट्रेनिंगवाले ती खांद्यावर घेऊन फिरतात.

साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब गोणपाटावर बसायचे. शाळेत नळ होता. स्पृश्य पोरं मास्तरला विचारून नळ उघडायची, पाणी प्यायची. बाबासाहेबांसाठी नळ शिपायानं उघडायचा. शिपाई नाही, तर पाणी नाही. नळ ही त्या शाळेतली टेक्नॉलॉजीच की! ती कोणत्या पायरीवर होती?

आता माझंच सांगतो. गेल्या वर्षी साहेब तपासणीला येणार म्हणून टॅब बाहेर निघाले. चौथीतली एक पोरगी, आई कचरा वेचते, तिनं बोट पुढं केलं. मी खेकसलो, "ए, हात लावू नको, खराब होईल!" तिनं हात फ्रॉकला पुसला. दोनदा पुसला. मी, जयंतीला माईकवर घसा कोरडा करणारा, नळाशी चावी धरून उभा होतो. झोप लागली नाही त्या रात्री.

सोमवारी हेडमास्तरांकडून किल्ली मागून घेतली, ती परत केली नाही. वर्गात फळ्याशेजारी खिळा ठोकून टांगलीय, पोरांच्या हाताला येईल इतकी खाली. एक टॅब फुटला. त्या पोरीनं आईचा आवाज टॅबात भरून आणलाय, कुठला कचरा किती भावानं जातो त्याचा, आणि त्यावर गणितं घातलीत. सहा पोरांना सुटली नाहीत. हेडमास्तरांनी फुटक्या टॅबचा लेखी खुलासा मागितलाय. तोच लिहायला बसलोय.