आधी पेटी, मग आवाज

व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्वतःच्या हाताने बांधावा असं ज्यांच्या मनात आहे, त्यांना माझं एकच सांगणं आहे. सोल्डरिंग आयर्न हातात घेण्याआधी पत्र्याची पेटी बांधून घ्या. सर्किट त्यानंतर.

होतं नेमकं उलटं. मोबाइलवर सर्किट सापडतं, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सामान मागवलं जातं आणि रात्री लाकडी फळीवर सगळं मांडून, उघड्या तारांवर, दोन पिनांच्या प्लगने पहिला आवाज काढला जातो. पेटीचं नंतर बघू, आधी वाजतंय का ते पाहू, असा विचार असतो. ट्रान्झिस्टरच्या छोट्या ॲम्प्लिफायरमध्ये हे एक वेळ खपून जातं, कारण तिथे १२ नाहीतर ३० व्होल्टचा मामला असतो. व्हॉल्व्हच्या प्लेटला २५० ते ४०० व्होल्ट डीसी लागतं. स्विच बंद केला, प्लग काढला, तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये ते बराच वेळ टिकून राहतं. उघड्या फळीवर चुकून हात लागला तर दुसरी संधी मिळेलच असं नाही.

हे काम विदर्भातल्या ढाणकीसारख्या गावात कसं होणार, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. उलट असल्या बाजाराच्या गावात ते सोपं आहे. इथे उन्हाळ्याआधी कूलरच्या बॉडी बनतात. पत्रा मापात कापून, काटकोनात वाकवून, रिव्हेट मारून पेटी उभी करणारे कारागीर आपल्या ओळखीचे असतात. शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारी बांधणारे वायंडर आहेत. आयटीआयमधून वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन होऊन आलेली पोरं आहेत. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला तीनच अवघड गोष्टी लागतात: पेटी, ट्रान्सफॉर्मर आणि नीट जोडणी. तिन्हींचे जाणकार एका बाजारात भेटतात, फक्त त्यांनी एकत्र बसून हे काम केलेलं नसतं.

आणि ही विद्या आपल्याला परकी नाही. ठाण्याच्या कारखान्यात मर्फीचे व्हॉल्व्हचे रेडिओ बनत होते. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने देशातच व्हॉल्व्ह बनवले. ते जुने व्हॉल्व्ह शौकीन आजही शोधून घेतात. जत्रेतल्या तंबूतला सिनेमा आणि सप्ताहातलं कीर्तन कित्येक वर्षं व्हॉल्व्हच्याच ॲम्प्लिफायरवर गावाने ऐकलं. पुण्याच्या केडन्स कंपनीने नंतरच्या काळात व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर बनवून दाखवले. नवे व्हॉल्व्ह आज रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात, आपल्याकडे नाही; पण बाकी सगळं इथे होऊ शकतं.

पहिल्या कामासाठी मी ईएल ८४ हा व्हॉल्व्ह सुचवेन. एका बाजूला एक ईएल ८४, पुढे दोघांत मिळून एक ईसीसी ८३, एवढ्यावर स्टिरिओ ॲम्प्लिफायर होतो. प्लेटला २५० व्होल्ट पुरतं. प्रत्येक बाजूला ४-५ वॅट मिळतात. वरातीसाठी हे नाही, पण चांगल्या संवेदनशील स्पीकरवर एक खोली भरून जाते आणि गायकाचा श्वासही ऐकू येतो.

आता पेटी. वरचा पत्रा ॲल्युमिनियमचा, २ मिलिमीटर जाड घ्या. लोखंडी पत्रा स्वस्त पडतो, पण तो चुंबकीय असल्याने ट्रान्सफॉर्मरचा हम उचलतो. जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याला वेल्डिंग करूच नका. जस्ताचा धूर छातीत गेला की ताप येतो. घरातला स्टीलचा डबा वापरण्याचा मोहही टाळा, तीन ट्रान्सफॉर्मरच्या वजनाने तो पत्रा वाकतो.

मापं कागदावर मूळ आकारात काढून तो कागद पत्र्यावर चिकटवा. प्रत्येक छिद्राचा मध्य सेंटर पंचने ठोका, आधी ३ मिलिमीटरचं ड्रिल, मग होल सॉ. व्हॉल्व्हच्या सॉकेटचं माप पुस्तकातून घेऊ नका. सॉकेट हातात आल्यावर मोजा, कारण नऊ पिनांच्या सॉकेटलाही कोणाला १९ लागतं, कोणाला २२. होल सॉ हळू फिरवा आणि रॉकेलचे दोन थेंब टाकत राहा, नाहीतर ॲल्युमिनियम दातांत चिकटून बसतं. छिद्राची कड कानशीने घासून बोटाला गुळगुळीत लागली पाहिजे, आणि जिथून तार जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच. तारेचं कव्हर त्या धारेवर कापलं गेलं की पेटीतच करंट उतरतो. मेन ट्रान्सफॉर्मर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर एकमेकांशी काटकोनात बसवा आणि त्यांच्यात जमेल तितकं अंतर ठेवा. खालून तळाचा पत्रा स्क्रूने पक्का बंद करा. घरात लहान मुलं असतील तर व्हॉल्व्हवर जाळीही बसवा, काच हाताला भाजण्याइतकी तापते.

अर्थिंगवर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण पेटी धातूची करण्याचं खरं कारण तेच आहे. मेन केबल जिथे आत येते तिथेच एक स्वतंत्र बोल्ट फक्त अर्थसाठी ठेवा. दुसरा कोणताही भाग त्या बोल्टवर आवळू नका. पावडर कोटिंग केलं असेल तर बोल्टभोवतीचा रंग पांढरा धातू दिसेपर्यंत खरवडा, कारण रंगातून वीज जात नाही. मग दातेरी वॉशर घालून आवळा. मल्टिमीटरने प्लगची अर्थ पिन आणि पेटीचा कोपरा यांच्यातला रोध तपासा, तो जवळजवळ शून्य यायला हवा. असं असेल तर फेजची तार सुटून पेटीला लागली तरी फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. फ्यूज एवढ्या ॲम्प्लिफायरला १ अँपिअरचा, स्लो ब्लो पुरे. सर्किटचा ग्राउंड मात्र वेगळा विषय आहे. तो पेटीला एकाच ठिकाणी, इनपुटच्या जवळ जोडा. चार ठिकाणी जोडलात की स्पीकरमध्ये घोंघाट सुरू होतो.

पेटीचं अर्थिंग घराच्या अर्थिंगवर अवलंबून आहे. गावाकडे कित्येक घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या भोकामागे तारच नसते. हे आधी तपासा. अर्थचा खड्डा केलेला असला तरी उन्हाळ्यात माती कोरडी पडून भेगाळते. अशा वेळी खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं. काही जण म्हणतात, घरात आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच आहे, चिंता नाही. आरसीसीबी जरूर बसवा, पण तो मेन ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचं पाहत नाही. सेकंडरीच्या ३०० व्होल्टला तुमचा हात लागला तर तो ट्रिप होणार नाही. तिथे तुमचं रक्षण बंद पेटी करते आणि तुमची शिस्त करते. फिल्टर कपॅसिटरच्या दोन टोकांवर २२० किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडा, म्हणजे बंद केल्यावर साठलेलं व्होल्टेज उतरत जातं. तरीही पेटी उघडली की आधी मल्टिमीटर लावून पाहा, आकडा १० व्होल्टच्या खाली गेल्यावरच आत बोट घाला.

उष्णतेचं गणित आपल्या भागात सोडून चालत नाही. असा ॲम्प्लिफायर ६०-७० वॅट घेतो आणि स्पीकरला जेमतेम १० वॅट देतो. उरलेलं सगळं उष्णतेत जातं. मे महिन्यात खोलीच तापलेली असते. म्हणून तळाच्या पत्र्याला आणि सॉकेटभोवती हवेची छिद्रं ठेवा, पेटीला उंच पाय लावा आणि कपॅसिटर ८५ नव्हे, १०५ अंशांचेच घ्या. दहा अंश तापमान वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं.

वायंडर मित्रांना वेगळी विनंती आहे. मेन ट्रान्सफॉर्मर तुम्ही डोळे झाकून बांधाल, पण आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रायमरी आणि सेकंडरी एकाआड एक थरांत घालावी लागते, दर थराला कागद लागतो, आणि एकट्या व्हॉल्व्हच्या सर्किटमध्ये स्टॅम्पिंगच्या दोन गठ्ठ्यांत बारीक फट ठेवावी लागते, नाहीतर डीसीने कोअर भरून जातो आणि खर्जाचे सूर मरतात. हे शिकून घ्या. बांधून झाल्यावर मोटारीसाठी ठेवलेला ५०० व्होल्टचा मेगर प्रायमरी आणि कोअर यांच्यात लावा. नव्या बांधणीत १०० मेगाओहमच्या खाली आकडा आला तर तो ट्रान्सफॉर्मर गिऱ्हाइकाला देऊ नका.

ज्यांच्या माळ्यावर लाऊडस्पीकरच्या धंद्यातला जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर पडून आहे, त्यांनी तो किलोच्या भावाने भंगारात घालू नये. त्याचा ट्रान्सफॉर्मर आणि जाड पत्र्याची चेसिस शिकणाऱ्याच्या फार कामाची असते. फक्त तो थेट प्लगला लावू नका. आतल्या रबरी तारांचं कव्हर झडलेलं असतं आणि कपॅसिटर सुकलेले असतात. जाणकाराकडून उघडून घ्या.

पेटी बंद झाली, अर्थ तपासला, की मग वाजवा. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर कधी चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि पहिल्यांदा चालू कराल तेव्हा एकटे असू नका. घरातलं कोणीतरी शेजारी उभं असू द्या, आणि मेन स्विच कुठे आहे, तो कसा पाडायचा, हे त्यांना आधी दाखवून ठेवा.