दुधाचेच दात ना!

"पडणारच आहेत की!" असं यापुढे कुणी म्हटलं तर मी भांडणार आहे. (मावशी, राग मानू नकोस.) दुधाच्या दाढा १०-१२ वर्षांपर्यंत तोंडात असतात, लेकीची एक पाचव्याच वर्षी किडली. रात्रभर रडली हो! चूक माझी. गंमत वाटावी म्हणून गाणारा ब्रश, स्ट्रॉबेरीची पेस्ट आणून दिली आणि मी मोकळी! ती पेस्ट चाटून खायची. खरं तर या वयाला वाटाण्याएवढी पुरते, तीही थुंकायची. आणि ७-८ वर्षांपर्यंत दात मोठ्यांनीच घासून द्यायचे असतात. हल्ली आम्ही दोघी आरशासमोर फेसाच्या मिशा काढतो, मग ब्रश माझ्याकडे. काल तिने माझे दात तपासले. सिमेंट भरलेल्या तीन दाढा सापडल्या!