छातीचा फोटो एआयने वाचला, पुढचं काम माणसांचंच

टीबीच्या शिबिरात हल्ली हातात धरता येईल एवढं एक्स-रे मशीन दिसतं. छातीचा फोटो निघतो अन् थोड्याच वेळात संशयित कोण ते कळतं. फोटो वाचते ती एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. 7 डिसेंबर 2024 पासून देशातल्या 347 जिल्ह्यांत झालेल्या 100 दिवसांच्या मोहिमेतही हे तंत्र वापरलं गेलं.

गरज का पडली? एक तर खेड्यात एक्स-रे निघाला तरी वाचणारा तज्ज्ञ नसतो. दुसरं, खोकला असेल त्यालाच तपासायचं, ही पद्धत अपुरी आहे. 2019 ते 2021 च्या देशव्यापी सर्वेक्षणात एक्स-रे काढले नसते, तर 42.6 टक्के टीबी रुग्ण सापडलेच नसते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये अशा एआयची शिफारस केली, पण फक्त 15 वर्षं आणि त्यापुढच्या लोकांसाठी.

मात्र एआय निदान करत नाही. ती फोटोला गुण देते. किती गुणांपुढे संशयित धरायचं, ते माणसं ठरवतात. मर्यादा खाली ठेवली तर निरोगी माणसांनाही हेलपाटा पडतो, वर ठेवली तर रुग्ण सुटतात. जुन्या, बऱ्या झालेल्या टीबीचा डागही संशयित ठरू शकतो. म्हणून पुढे थुंकीची तपासणी लागतेच. ती सीबीनॅट किंवा गोव्यातल्या कंपनीच्या ट्रूनॅट मशीनवर होते.

खरी अडचण इथंच आहे. फोटो मिनिटात वाचला, पण थुंकी तपासायला मजुरी बुडवून तालुक्याला जावं लागलं, किंवा तिथं तपासणीचं साहित्यच नसलं, तर त्या वेगाचा उपयोग काय? शिबिरात किती फोटो काढले, एवढ्यावर समाधान मानू नका. संशयितांपैकी किती जणांची थुंकी तपासली आणि किती जणांची औषधं सुरू झाली, हे ग्रामसभेत विचारा.

संशयित निघालात तर घाबरू नका, लपवू नका. सरकारी दवाखान्यात तपासणी अन् औषधं मोफत आहेत. उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये मिळतात. आणि फोटो चांगला आला, पण खोकला दोन आठवड्यांहून जास्त आहे, ताप येतो, वजन घटतंय, तर डॉक्टरांना दाखवाच. माहितीसाठी टोल फ्री क्रमांक 1800-11-6666.